विचार करणारं घर

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा अख्खं घर पलंगाभोवती उभं होतं आणि अख्ख्या घरानं एका सुरात नाही म्हटलं. घरात कोणी सिगारेट ओढतं का? छे, कोणीच नाही. थोरल्यानं तर मान हलवताना डोळेसुद्धा मिटून घेतले. मग पलंगावरून, वाफेच्या मास्कच्या आतून, घरातल्या चिमुरड्या बटणनं आपलं मत दिलं.

"आमच्याकडे सिगारेट नाही ओढत," ती म्हणाली. "आमच्याकडे विचार करतात."

डॉक्टरांना ते फार आवडलं. अशी घरं आता उरली नाहीत, असं काहीतरी म्हणून त्यांनी तिच्या गालाला बोट लावलं आणि ते पुढच्या पलंगाकडे वळले. इकडे कोणी हसलं नाही. तिचे आजोबा, मास्तर, पायातल्या चपलेकडे बघत राहिले. तिच्या बापाला, धाकट्याला, एकदम फोन आल्यासारखं झालं आणि तो बाहेर गेला. फोन वाजला नव्हता.

'विचार' हा शब्द आजीचा. मास्तरांचं शिंप्याचं दुकान खाली आणि घर वर, अशी ही इमारत पहिल्यापासून. मुलं लहान असताना एक गिऱ्हाईक शिवलेला कोट परत घेऊन आलं होतं; कापडाला धुराचा वास येतो, असं चार लोकांत म्हणालं होतं. तो अपमान मास्तरांच्या जिव्हारी इतका लागला की त्या दिवसापासून दुकानात काडी पेटवायला बंदी झाली. कारागीर असो की पाहुणा, ओढायची तर बाहेर. मास्तर स्वतः मात्र जिना चढून वर यायचे, स्वयंपाकघराशेजारच्या खिडकीत उभे राहायचे आणि तिथे ओढायचे. बाबा कुठे गेले, असं मुलांनी विचारलं की आजी म्हणायची, विचार करायला गेलेत. पुढे मुलं मोठी झाली, शहाणी झाली, त्यातल्या एकदोघांनी स्वतःही विचार करून पाहिला, पण शब्द तोच राहिला. दोन माणसं जिन्यात भेटली आणि एकानं 'चल, जरा विचार करू' म्हटलं की काय ते समजायचं. घरात पाहुणे असले तर विशेष सोयीचं पडायचं.

धाकटी, म्हणजे बटणची आई, या घरात आली तेव्हा तिलाही तो शब्द गमतीचा वाटला होता. त्या दिवशी ती डॉक्टरांच्या मागे धावत गेली, त्यांना जिन्यापाशी गाठलं आणि त्या शब्दाचा अर्थ सांगितला. पोस्टाच्या काउंटरवर रोज शेकडो लोकांशी बोलणारी ही बाई, पण ते एक वाक्य उच्चारताना तिची जीभ अडखळली. डॉक्टर रागावले नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, या मुलीच्या श्वासनळ्या धूर सहन करणाऱ्यांतल्या नाहीत. समोर कोणी ओढली नाही तरी धूर पडद्यात बसतो, उशीत बसतो, अंगावरच्या कपड्यांत बसतो. खिडकी उघडी ठेवून भागत नाही. या वेळी वेळेवर आणलंत, पुढच्या वेळी वेळ मिळेलच असं मी सांगू शकत नाही.

पुढच्या वेळी. ते दोन शब्द घेऊन ती घरी आली.

*

बटणला घरी आणलं तो दुकानाच्या सुट्टीचा वार होता. आत्याही आली होती. मास्तरांची ही मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि घरात काही बिघडलं की घरच्यांच्या आधी तिला कळायचं. बटण मास्तरांच्या पलंगावर गाढ झोपली होती, कारण तिची खाट वरच्या खोलीत आणि लोखंडी जिन्यावरून तिला इतक्यात नेऊ नये असं सगळ्यांचंच मत पडलं. तिच्या छातीचा बारीक सूं सूं आवाज दाराबाहेर ऐकू येत होता. बोलता बोलता कोणी थांबलं की तोच आवाज ऐकू यायचा, म्हणून कोणी फार वेळ थांबत नव्हतं.

धाकटीनं आढेवेढे घेतले नाहीत. या घरात धूर राहील किंवा माझी मुलगी राहील, दोन्ही नाही, असं तिनं जेवणाच्या टेबलाशी उभं राहूनच सांगितलं. मग ती मास्तरांकडे वळली. त्यांना घरात सगळेच मास्तर म्हणत, सुना-नातवंडंसुद्धा.

"मास्तर, दुपारभर ती तुमच्यापाशी असते. मी कामावर, हाही कामावर. तुम्ही सोडली म्हणालात, मी विश्वास ठेवला. आता खरं काय ते सांगा."

मास्तरांनी आधी आजीकडे पाहिलं, मग धाकट्याकडे, आणि मग टेबलावरच्या पाण्याच्या तांब्याकडे.

"माझ्यामुळेच झालं," ते म्हणाले.

धाकटा खुर्चीच्या कडेवर बसला होता. त्या दोन शब्दांनी त्याचं ओझं उतरलं, आणि तो मागे टेकला. एका कंपनीच्या तक्रार केंद्रात दिवसभर कानाला यंत्र लावून तो लोकांच्या शिव्या ऐकायचा, आणि एखादी तक्रार दुसऱ्या विभागाची निघाली की त्याला असंच हलकं वाटायचं. क्षणभरच. मग आपल्याला हलकं वाटलं याची त्याला लाज वाटली, आणि लाज वाटूनही तो गप्प राहिला.

आता बोलायला आत्या होती. बापाची लाडकी. तिनं सुरुवातच वरच्या पट्टीत केली, की आम्ही तिघं याच घरात, याच धुरात वाढलो, आम्हाला काय झालं? आजकालच्या डॉक्टरांना सगळ्याचं खापर फोडायला एक सिगारेट सापडली आहे. दुकान चालवणारा थोरला मुलगा मात्र या वेळी धाकटीच्या बाजूनं होता. त्यानं स्वतः छातीतल्या दुखण्यानंतर सोडली होती, आणि सोडलेल्या माणसाइतका कडक न्यायाधीश जगात नसतो. मास्तरांचं वय झालं म्हणून त्यांना सगळं माफ आहे का, असं तो म्हणाला.

"वाढलो म्हणजे काय, ते तुमच्या आईला विचारा ना, ताई," धाकटी म्हणाली. "त्यांनी जन्मात ओढली नाही. मग त्या का खोकतात?"

आजी दाराशी भाजी निवडत बसली होती. तिच्या खोकल्याला घरात 'सवयीचा खोकला' म्हणायचे. आपलं नाव निघालेलं ऐकून तिला नेमका तो आला. तो तिनं पदरात दाबला आणि पुन्हा देठ खुडू लागली.

धाकटीला तिथेच थांबता आलं असतं, पण दोन रात्री ती दवाखान्यात पोरीच्या बरगड्या आत-बाहेर होताना बघत बसली होती. ती मास्तरांना म्हणाली, "कापडाला वास लागू नये म्हणून तुम्ही जिना चढून वर यायचात. कापडाला जपलंत. वर पोरं होती."

मास्तरांनी मान खाली घातली. त्यांच्या बोटांत शिंप्याचा चपटा खडू होता. हल्ली तो कायम असायचा, सुट्टीच्या वारीसुद्धा. ते तो दोन बोटांच्या पेरांत धरून फिरवत राहिले.

मग प्रश्न निघाला तो कोणी कुठे जायचं याचा, आणि इथे माणसं बदलली. मास्तरांनी काही दिवस आत्याकडे राहावं असं ठरायला लागलं, तसा थोरल्याचा कडकपणा उतरला. कापड बेतायला मास्तरांच्या हातासारखा हात नाही, हे त्याला एकाएकी आठवलं. खांद्याचा उतार ते नुसत्या नजरेनं पकडतात, ते गेले तर दुकानाचं काय? आणि मघाशी बापासाठी जीव टाकणारी आत्याही विचारात पडली. खऱ्या विचारात. नाही म्हणायचं नाही मला, ती म्हणाली, पण आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. "मास्तरांच्या गुडघ्यांची काय दशा आहे ते बघताय ना? दुकानातून घरात येतानाच ते अर्ध्या जिन्यात थांबतात, वरचा हा लोखंडी जिना तर त्यांना चढवतच नाही. गुडघे गेल्यापासून वरच्या खोलीचं तोंड पाहिलं नाहीये त्यांनी. मी त्यांना तीन मजले कसे चढवू?"

"मी बसून बसून चढेन," मास्तर म्हणाले.

धाकट्यानं या सगळ्यात एकदाच तोंड उघडलं. आज लगेच कशाला, दोन दिवसांनी बघू, असं तो म्हणाला. त्यावर धाकटीनं त्याच्याकडे फक्त पाहिलं. आजी भाजी तशीच टाकून उठली. कपाटातून मास्तरांचे सदरे काढून घड्या घालू लागली.

*

मास्तर खोटं बोलले होते, पण त्यांच्या मते अर्धंच. नातीला पहिला खोकला लागला तेव्हा त्यांनी खरोखरच सोडली होती. कानाला खडा लावून सोडली होती, आणि हातालाही. बोटं रिकामी राहवत नाहीत म्हणून खडू धरायचे, आणि कामाच्या नादात तो ओठांकडे जायचा. दुकानातली माणसं त्यांच्या पांढऱ्या ओठांवर मागे हसत. आजीला हे सगळं माहीत होतं. पण मघाशी त्यांनी आजीकडे पाहिलं, आणि गप्प राहा म्हणणारी ती नजर आजीनं लग्नापासून पाळली होती.

धाकटा ओढतो हे त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं कापडात नाक खुपसणाऱ्या माणसापासून सदऱ्याच्या कॉलरचा वास लपत नाही. तो गल्लीच्या टोकाला उभा राहून ओढत असेल, अशी त्यांची समजूत होती. शिवाय पोराला हा नाद लागला तो कोणाला बघून, हेही ते जाणून होते. म्हणून 'माझ्यामुळे' म्हणताना त्यांना फारसं खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. म्हाताऱ्यानं चार दिवस लेकीकडे राहावं, पोराचा संसार टिकावा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

*

धाकटी वर गेली ती पडदे काढायला. उशीचे अभ्रे, चादरी, पडदे, सगळं गरम पाण्यात धुवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि हाताला काम हवं म्हणून तिनं आपल्याच खोलीपासून सुरुवात केली. खोली लहान होती. दोघांचा पलंग, पायथ्याशी बटणची खाट, खाटेला लागून खिडकी. खाली चाललेलं आत्याचं बोलणं लोखंडी जिन्यातून वर येत होतं. स्टुलावर चढून तिनं पडद्याची कडी काढली आणि पडदा तिच्या तोंडावर आला.

ती स्टुलावरच उभी राहिली. पहिल्यांदा वाटलं, आपल्या नाकातच बसलंय आता ते, सगळीकडे तोच वास येणार. म्हणून तिनं पडदा दूर केला, खिडकीबाहेर तोंड काढून श्वास घेतला आणि पुन्हा पडदा नाकाशी धरला. वरच्या टोकाला थोडा, मध्यावर जास्त, आणि खाटेच्या उंचीला तो वास कापडात मुरलेला होता.

या खोलीचं तोंड मास्तरांनी पाहिलेलं नाही. आत्याच तर म्हणाली होती.

धाकटीला भोवळ आली नाही, रडूही आलं नाही. भीती मात्र अशी वाटली की दवाखान्यातसुद्धा वाटली नव्हती. खाली मास्तरांची पिशवी भरली जात होती, घर सुटकेचा श्वास टाकत होतं, चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, आणि दोन-चार दिवसांत ती स्वतः पोरीला उचलून याच खाटेवर आणून झोपवणार होती. धुराच्या तोंडाशी. आपल्या हातानं.

तिनं पडदा गुंडाळला आणि जिना उतरून खाली आली. मास्तरांच्या पायात चपला होत्या. तिनं पडदा त्यांच्या पुढ्यात टेबलावर ठेवला.

"मास्तर, कापड तुमच्याइतकं कोणाला कळत नाही. हे बघा."

मास्तरांना वाटलं, शिवायला दिलंय काहीतरी. त्यांनी सवयीनं कापड अंगठ्याखाली घेतलं, पोत पाहिला, आणि मग नाकाशी नेलं. एकदा. मग कापडाचं दुसरं टोक.

"हा कुठला पडदा?"

"वरचा. बटणच्या खाटेकडचा."

मास्तर खाली बसले. "एक-दोन वेळचं नाही हे," ते हळू म्हणाले. "महिनोन्महिन्यांचं आहे." आणि धाकट्याकडे वळून, "तू पोरीच्या खोलीत ओढतोस?"

आत्या काहीतरी बोलायला गेली. थोरल्यानं तिच्या हातावर हात ठेवला. धाकटा भराभर बोलायला लागला, तक्रार केंद्रात लोक बोलतात तसा. ही खाली आवरत असते तेव्हा, खिडकीतच उभा राहतो. डोकं बाहेर काढून. धूर बाहेरच जातो सगळा. ती झोपल्याशिवाय पेटवत नाही, कधीच नाही, आधी वाकून बघतो, डोळे मिटलेले असतात तिचे. दिवसभर डोकं फुटायची वेळ येते, एक नाहीतर दोन, त्याच्यापुढे नाही.

"मास्तर जायला निघाले होते," धाकटी म्हणाली. "तू बघत बसलास."

उत्तर आलं ते आजीकडून, आणि ते धाकट्याला नव्हतं. ती हातातला सदरा तसाच धरून नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुम्हीसुद्धा हेच म्हणायचात," ती म्हणाली. "डोकं बाहेर काढून ओढतो. पोरं झोपलीत. मी मान हलवायची. पोरांनी विचारलं तर मीच त्याला चांगलं नाव दिलं. मी तेव्हा बोलले असते तर यालाही कळलं असतं की ही काहीतरी वाईट गोष्ट आहे." तिला खोकला आला. या वेळी तिनं तो पदरात दाबला नाही, पुरता येऊ दिला, आणि तो थांबेपर्यंत सगळे उभे राहिले. "सदरे परत कपाटात ठेवतेय," ती म्हणाली.

मास्तरांनी चपला काढून भिंतीशी सरकवल्या.

धाकट्यानं खिशातून पाकीट काढून टेबलावर टाकलं. संपलं, तो म्हणाला, आजपासून संपलं, पोरीची शपथ घेऊन सांगतो. धाकटी म्हणाली की तिची शपथ घेऊ नकोस, तिच्यावर आणखी काही घालू नकोस. शब्दावर आता माझा विश्वास नाही. सुटेल तेव्हा दिसेल. तोवर ती इथे खाली, आजी-मास्तरांच्या खोलीत झोपेल, मीही तिच्यापाशी, आणि तू वर. आवाज चढवून बोलली असती तर त्याला वाद घालता आला असता. ती हळू बोलली, कारण आत पोरगी झोपली होती.

पण ती झोपलेली नव्हती. दारात बटण उभी होती, एका पायात मोजा, केस पिंजारलेले. किती वेळ उभी होती कोण जाणे. सगळे एकत्र जमलेले बघून तिला आनंद झालेला दिसला. आत्या म्हणाली, ये गं माझी सोनी, पण तिनं हात पसरले ते बापाकडे. दवाखान्यातून आल्यापासून त्यानं तिला उचललं नव्हतं.

धाकट्याला भरून आलं. निदान हिला तरी आपण अजून तेच आहोत, असं त्याला वाटलं. तो पुढे झाला, वाकला आणि तिला कडेवर घेतलं. तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले, भलामोठा श्वास आत ओढला, तोंड घट्ट मिटलं आणि गाल फुगवून त्याच्याकडे बघत राहिली.

"काय गं? काय खेळतेस?" त्यानं विचारलं.

तिनं नुसती मान हलवली. खेळत नव्हती. जवळून तिचे डोळे त्याला दिसत होते, शांत, सवयीचे. नाकपुड्या मिटलेल्या, कपाळाची शीर हळूहळू वर येत होती. खाटेवर वाकून आपण बघायचो तेव्हा मिटलेल्या डोळ्यांमागे हे चाललेलं असायचं, हे त्याला त्या क्षणी कळलं.

"बटण, श्वास घे," धाकटी म्हणाली. तिच्या हातात दवाखान्यातून दिलेला श्वासाचा पंप होता. "श्वास घे, बाळा."

बटणनं बापाच्या सदऱ्याकडे बोट दाखवलं आणि पुन्हा मान हलवली. तिचा चेहरा लाल व्हायला लागला होता.

धाकट्यानं तिला खाली ठेवलं. तो दोन पावलं मागे सरला, मग आणखी दोन, पाठ भिंतीला लागेपर्यंत, आणि तेव्हा कुठे तिनं श्वास सोडला.